डावीकडची अक्षरं

आईनं लॅपटॉप उलटा केला आणि सुपातलं धान्य पाखडावं तसा दोन्ही हातांनी हलवला. टेबलावर काहीच पडलं नाही. ना धूळ, ना खाल्लेल्याचा कण. तिच्या डाव्या हातातून त्याचा कोपरा निसटला, तेवढ्यात राहीनं तो खालून धरला.

"हळू आई."

"तेलकट झालाय मेला. कुणी हात लावलान गो याला?"

"कुणी नाही. आप्पा त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत."

ओटीवरून अडकित्त्याचा आवाज आला. टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्. सकाळचा चहा झाला की आप्पा दिवसभराची सुपारी कातरून डबीत भरत. एस.टी.च्या डेपोतून निवृत्त झाल्यापासून हत्यार म्हणून तेवढाच अडकित्ता त्यांच्या हातात उरला होता, आणि त्याला धारही ते स्वतःच लावत.

आईनं लॅपटॉप सरळ केला, उघडला, आणि पडदा राहीकडे वळवला. शिमग्याचं पत्रक अर्ध्यावर आलं होतं. पालखी वाडीतल्या कोणत्या घरी कधी थांबणार, याचं हे पत्रक दर वर्षी आईच टाइप करून द्यायची. राहीनं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीत ती अडखळली. शब्दाशब्दांतून अक्षरं गळली होती. पोखरलेल्या शेंगेतून दाणे जावेत तशी मधलीच गेली होती, आणि उरलेली एकमेकांना चिकटून उभी होती.

"बघितलंस? सगळी डावीकडची. उजवीकडची कशी खणखणीत उठतायत. डावीकडची बटणं मेलीत."

राहीनं वाकून डावीकडचं एक बटण दाबलं. अक्षर उठलं. दुसरं दाबलं. तेही उठलं.

"चालतायत की."

"तुझ्यासमोर चालणारच. तू कोंबडीसारखी एकेक दाणा टिपतेस. मी भरभर घेतलं की गळतात." आईनं चष्मा कपाळावर सारला. "आज नेऊन टाक त्या गौरवकडे. मंडळाला शब्द दिलाय मी. पत्रक छापायला जायचंय."

राही कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होती. पुस्तकांच्या नोंदी, पत्रं, अहवाल, सगळं ती इतकी वर्षं दोन बोटांनी टाइप करत आली होती. ज्या घराच्या पडवीत रत्नागिरीतले निम्मे कारकून टायपिंग शिकून गेले, त्या घरची मुलगी दोन बोटांनी टाइप करते, हा आईनं आल्यागेल्याला सांगायचा विनोद होता. कचेरीत, कोर्टात, बँकेत, कुठंही गेलं तरी कोणीतरी मान वर करून विचारायचं, बाई कशा आहेत? मग ते माणूस आपले हात पुढं करून दाखवायचं. आई शिकवताना पोरांच्या हातांवर पंचा टाकायची. बटणं बघायची नाहीत. बोटांनाच माहीत झालं पाहिजे, दुसऱ्या कुणाला नको.

यंत्रं भंगारात गेली, पडवी रिकामी झाली, परीक्षा संगणकावर आल्या. आई संगणक शिकली आणि तोही शिकवू लागली. एक जुनं यंत्र तेवढं तिनं ठेवून घेतलं होतं, पडवीत, त्याच पंच्याखाली झाकून. लॅपटॉपवरही ती टाइपरायटरसारखीच टाइप करायची. बटण दाबायची नाही, मारायची. त्या आवाजाला मध्ये कुठंही खंड नसायचा. राही लहानपणी त्या आवाजात झोपायची.

गेल्या काही दिवसांत त्या आवाजात खळगे पडले होते. राहीला ते स्वयंपाकघरातही ऐकू येत. आवाज यायचा, थांबायचा, मागं जायचा, पुन्हा यायचा.

"कितीदा सांगू, आधी चालवणाऱ्याकडे बघावं," ओटीवरून आप्पा म्हणाले. डेपोत असताना गाडी बिघडून आली की ते आधी इंजिन उघडत नसत, ड्रायव्हरकडे बघत.

"ऐकलंस? मला ड्रायव्हर म्हणतायत."

"तुला नाही गो. तुझी गाडी बदलायला झालीय, एवढंच म्हणतोय." आप्पा हसत आत आले आणि कातरलेल्या सुपारीचं एक खांड त्यांनी बायकोपुढं धरलं. "तुझी बोटं चुकली, तर उद्या समुद्र भाट्याचा किनारा सोडून वर नाचणे गावात जाईल."

आईनं डावा हात पुढं केला. खांड तिच्या बोटांमधून घरंगळलं आणि टेबलाखाली गेलं. तिनं उजव्या हातानं दुसरं घेतलं.

आईची बोटं चुकत नाहीत, हे घरात कोणी उगाच म्हणत नव्हतं. फार पूर्वी राहीनं एका लग्नपत्रिकेत चूक दाखवली होती. आईनं हस्तलिखित काढून समोर ठेवलं होतं. चूक लिहून देणाऱ्याची होती. त्यानंतर दोन दिवस आई राहीशी बोलली नव्हती आणि त्यानंतर कोणी आईच्या टायपिंगमध्ये चूक दाखवली नव्हती.

राहीनं लॅपटॉप कापडी पिशवीत घातला. निघताना तिनं दाराशी आईच्या चपला पाहिल्या. नव्या होत्या. परवा राम आळीत यातलीच एक पायातून निघाली आणि आई तशीच पुढं चालत राहिली होती. घरी येऊन तिनं ती गोष्ट रंगवून सांगितली होती. "मागनं ती मासळीवाली ओरडतेय, अगो बाय, चप्पल! मी म्हटलं कुणाची गो? तर माझीच!" आप्पांना हसून ठसका लागला होता. चप्पल सैल होती. दुकानदारानं एक माप मोठं दिलं होतं.

राहीनं डावी चप्पल उचलून उजवीला लावून बघितली. दोन्ही एका मापाच्या होत्या. तिनं त्या पुन्हा जागेवर ठेवल्या.

बाहेर मळभ होतं. माघात असं आभाळ धरलं की सगळ्या गावाचा आवाज खाली जातो. झाडांवर वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या आणि दगडी गडग्याला टेकून शेजारचे बागवाले वर बघत उभे होते. वारा नव्हता. समुद्राचा वास मात्र दारापर्यंत आला होता, ओला आणि जुना.

गौरवचं दुकान जयस्तंभाच्या मागच्या गल्लीत होतं. उघडलेले लॅपटॉप, वायरींची भेंडोळी आणि एका कोपऱ्यात उदबत्ती. गौरव चाळिशीला आला होता. पिशवीतून लॅपटॉप बाहेर आला तेव्हा त्यानं आधी हात पुसले.

"बाईंचा?"

"हो. डावीकडची बटणं जातायत म्हणते."

"मारतात पण बाई बटणं. हातोडीगत." त्यानं तो उजेडाकडे नेला. "मला परीक्षेला बसवलान तेव्हा पंचा टाकायच्या हातावर. घाम यायचा आत. अजून मी अंधारात टाइप करतो, ताई, वीज गेली तरी."

त्यानं पडद्यावर कीबोर्डचं एक चित्र उघडलं. बटण दाबलं की चित्रातला तो चौकोन हिरवा होत होता. गौरव डावीकडून सुरू करून एकेक दाबत गेला. एकेक चौकोन हिरवा होत गेला. शेवटी सगळं चित्र हिरवं झालं.

त्यानं छोट्या पंपानं बटणांच्या फटींतून वारा मारला. दोनचार बटणं उचकटून खाली बघितलं. "आपल्याकडे खारी हवा सगळं खाते. यात तेही दिसत नाही. स्वच्छ आहे."

"एकेकदा जातात म्हणते. भरभर टाइप केलं की."

गौरव सरळ बसला. त्यानं बोटं ठेवली आणि राहीकडे बघत, बटणांकडे न बघता, टाइप करायला लागला. तो आवाज राहीच्या ओळखीचा होता, आईच्या हातून उतरलेला. ओळीमागून ओळ भरत गेली. एक अक्षर गळलं नाही. तो थांबला आणि दोघांनी पडद्याकडे बघितलं.

दुकानाबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"बाई म्हणतायत म्हणजे असणार काहीतरी," गौरव म्हणाला. "बाईंची बोटं चुकायची नाहीत."

राहीनं हात पुढं करून डाव्या टोकाचं बटण दाबलं आणि तसंच दाबून धरलं. तेच अक्षर धावत ओळीच्या शेवटापर्यंत गेलं, खाली उतरलं, दुसरी ओळ भरली, तिसरी भरू लागली. थांबायची काही खूण नव्हती. तिनं बोट उचललं.

"बाईंची तब्येत बरी ना?" गौरव खण उघडून पेचकस शोधत होता. विचारायचं म्हणून विचारलं होतं.

"बरी आहे."

"मग झालं तर."

राहीनं पिशवीची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली.

"बदलूनच टाका," ती म्हणाली. "सगळाच कीबोर्ड."

"कोल्हापूरहून मागवायला लागेल. चारपाच दिवस."

"चालेल."

ती घरी आली तेव्हा आई पायरीवर बसून कुळीथ निवडत होती. ताट मांडीवर होतं आणि उजवा हात एकटाच काम करत होता. राहीनं गेट लावायच्या आधीच तिनं विचारलं.

"काय म्हणालान?"

राही गडग्याजवळ उभी राहिली. येताना तिनं काही ठरवलं नव्हतं.

"बिघडलाय. डावीकडची रांगच गेलीय म्हणाला. नवीन बसवतोय."

आईचे खांदे खाली आले. इतका वेळ ते वर धरलेले होते, हे ते खाली आल्यावर कळलं.

"ऐकलंत काय हो?" तिनं आत हाक मारली. "बिघडलाच होता."

"मग मी काय म्हणत होतो," आतून आप्पा म्हणाले.

आई हसली. मग तिनं आपला डावा हात ताटाच्या कडेवरून उचलून समोर धरला. बोटं मिटली, उघडली. पुन्हा मिटली. करंगळी बाकीच्यांच्या मागून आली. क्षणभर ती त्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशी बघत राहिली आणि मग तिनं तो पदराखाली घेतला.

"मला वाटलं..."

"काय?"

"काही नाही. कुळीथ किडके निघालेत यंदा."

राहीनं तिच्या शेजारी बसून अर्धं ताट आपल्या मांडीवर घेतलं. दोघी निवडत बसल्या. कुळथात कीड नव्हती. तिन्हीसांजेला आईनं दिवा लावला, कुळथाचं पिठलं केलं, स्वतः थोडंसं खाल्लं. मळभामुळे डोकं जड झालंय म्हणाली आणि लवकर आडवी झाली. त्या दिवसात याहून वेगळं काही नव्हतं.

सकाळी ती उठली नाही. श्वास चालू होता, मोठा आणि घरघरता. आप्पांनी तिला हाक मारली, मग खांद्याला धरून हलवलं, आणि मग राहीला हाक मारली ती इतक्या हळू की ती पहिल्यांदा तिला ऐकूच आली नाही.

रुग्णालयात डॉक्टरांनी आईच्या डोळ्यांत उजेड टाकून बघितला. तरुण होते, थकलेले होते, आवाजात माया होती. मेंदूत रक्तस्राव झालाय, मोठा आहे, असं त्यांनी सांगितलं. मग हातात पेन घेऊन विचारलं, "आधी काही जाणवलं होतं का? आठवडाभरात? हाताला जोर नसणं, वस्तू पडणं, चालताना एक पाय मागे राहणं?"

"नाही हो," आप्पा लगेच म्हणाले. "काही म्हणता काही नाही. कालपर्यंत टायपिंग करत होती. तिचा लॅपटॉप तेवढा बिघडला होता."

डॉक्टरांनी राहीकडे बघितलं. राही आईच्या डाव्या हाताकडे बघत होती. नर्सनं चादर वर ओढली होती आणि हात तिच्याखाली झाकलेला होता, पंच्याखाली असावा तसा. राहीनं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेन खिशाला लावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई गेली.

माणसं येत राहिली. ओटीवर सतरंज्या घातल्या होत्या. निवृत्त झालेले, निवृत्तीला आलेले, सगळे आईचे विद्यार्थी. बोलता बोलता त्यांची बोटं मांडीवर हलत. कोणी म्हणायचं, बाईंना लोळत पडायला लागलं नाही. कोणी म्हणायचं, शेवटच्या दिवसापर्यंत बोटं चालत होती. आप्पा प्रत्येकाला तेच सांगत. "पत्रक टाइप करत होती. यंत्रानं दगा दिलान, तिनं नाही." सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान यायचा. दिवसभरात तेवढीच गोष्ट ते आपण होऊन बोलत, आणि ती ऐकली की राही उठून पाणी आणायला आत जायची.

तेराव्यानंतर एका दुपारी गौरव आला. काखेत पिशवी होती. आप्पांच्या पाया पडून तो ओटीच्या कडेला बसला.

"बाईंचा लॅपटॉप आणलाय. बसवला नवीन."

"बघ राही, बसवलान त्यानं," आप्पा म्हणाले. "ती जायच्या आधी बसला असता, तर पत्रक पुरं केलं असतं तिनं."

गौरवनं राहीकडे बघितलं. राहीनं पिशवी घेतली. पिशवीत लॅपटॉपखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं.

"जुना आहे तो," गौरव म्हणाला. "काढलेला भाग गिऱ्हाईकाला परत देतो मी. टाकवला नाही मला."

तो जायला निघाला तेव्हा राही गेटपर्यंत गेली. गडग्यापाशी तो थांबला. चपलेच्या टोकानं त्यानं एक खडा बाजूला सारला.

"ताई, त्या दिवशी मी तपासला ना..."

"चहा राहिला तुमचा," राही म्हणाली.

"नको. पुन्हा कधी."

तो गल्लीच्या वळणापर्यंत गेला आणि मागं न बघता दिसेनासा झाला. राहीनं पडवीत जाऊन ती वर्तमानपत्राची गुंडाळी जुन्या टाइपरायटरवर, पंच्याच्या वर ठेवली. लॅपटॉप कपाटात गेला. तो तिनं उघडला नाही. पत्रक मंडळानं दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतलं. ते आलं तेव्हा त्यात त्यांच्या घराचं नाव नव्हतं. यंदा त्यांच्याकडे पालखी थांबणार नव्हती.

शिमगा आला. वाडीवाडीतून ढोल घुमायला लागले. आईच्या मागं आप्पांनी अडकित्त्याला हात लावला नव्हता. सुपारीची डबी रिकामी होऊन तशीच राहिली होती. त्या सकाळी चहानंतर त्यांनी तो पुन्हा बाहेर काढलेला राहीनं पाहिला आणि तिला बरं वाटलं. ती स्वयंपाकघरात तांदूळ धूत होती. कान ओटीकडे होते.

टक् झालं नाही. सुपारी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला आणि ती गडगडत गेली.

आप्पा खाटेवरून उठले, त्यांनी ती शोधली, ते पुन्हा बसले. राहीनं नळ बंद केला. ढोल लांब होते आणि थांबून थांबून येत होते.

सुपारी पुन्हा पडली.

सकाळी वर्तमानपत्राची डावीकडची पानं त्यांच्या हातून सुटून ओटीभर झाली होती. "वारा मेला," असं म्हणत त्यांनी ती गोळा केली होती. राहीनं आता खिडकीतून बाहेर बघितलं. आंब्याचं एक पान हलत नव्हतं. सकाळी हलत होतं की नाही, ते तिला आठवेना. ती आठवत राहिली.

"राही," आप्पांनी हाक मारली. "हा अडकित्ता तेवढा धार लावायला टाक गो. बाजारात जाशील तेव्हा."

ती हात पुसत बाहेर आली. तिच्या आठवणीत तो अडकित्ता कधी घराबाहेर गेला नव्हता. धार लावणारा दारावर आला तरी आप्पा त्याला सुऱ्या देत, विळी देत, अडकित्ता देत नसत. डेपोत आयुष्य काढलेल्या माणसानं स्वतःचं हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं, असं म्हणत.

"धार तुम्हीच लावता ना?"

"कंटाळा आलाय. पाक बोथट झालाय तो. सुपारी धरतच नाही."

त्यांनी तो उजव्या हातानं पुढं केला. डावा हात खाटेच्या कडेवर होता, तळवा वर, बोटं अर्धी मिटलेली. सुपारी त्यांच्या पायाशी पडली होती.

राही त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिनं सुपारी उचलली, अडकित्त्याच्या पात्याखाली धरली आणि दाबली.

टक्.

दोन खांडं तिच्या तळहातावर पडली. कापलेली बाजू आरशासारखी होती, सुपारीच्या पांढऱ्या रेषा अगदी टोकापर्यंत शाबूत होत्या. तिनं एक खांड पुन्हा धरलं आणि दाबलं. टक्. ते खांडही तितकंच सफाईनं दुभागलं.

"तुझ्या हातात चालतोय तो," आप्पा म्हणाले. "माझ्याकडून निसटतेय सुपारी. या वर्षीची सुपारीच गुळगुळीत आलीय." ते हसले. हसताना त्यांच्या मिशीची एक बाजू वर गेली. दुसरीही गेली असेल. राहीला इतक्या जवळून सांगता येईना.

ढोल थांबले. पालखी कुणाच्या तरी अंगणात उतरली असणार.

राहीनं अडकित्ता मिटून खाटेवर ठेवला. ती आत गेली आणि खुंटीवरचा आप्पांचा पांढरा सदरा घेऊन आली. येताना पडवीतून आली. पंच्यावरची गुंडाळी तशीच होती आणि वर्तमानपत्राच्या घडीवर धूळ बसली होती.

"हा घाला."

"कुठं निघालो? पालखीला? आपल्याला नाही जमायचं यंदा."

"हात वर करा."

त्यांनी उजवा हात बाहीत घातला. डावा त्यांनी उचलला, तो खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. राहीनं मनगट धरून तो बाहीत सरकवला. हात उबदार होता, आणि आपला भार त्यानं तिच्या हातावर टाकला होता. तिनं फोन काढून कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला दारात यायला सांगितलं. मग खाली बसून तिनं त्यांच्या पायांत चपला घातल्या, आधी डावी.

"अगो, पण कुठं?"

"डॉक्टरांकडे."

"अडकित्त्याला डॉक्टर कशाला गो?"

ते अजून हसत होते. राही उठली नाही. तिचा एक हात त्यांच्या डाव्या पावलावर होता. गल्लीच्या टोकाशी रिक्षा वळल्याचा आवाज आला. ती दारात यायला थोडा वेळ होता. कोणाच्या तरी अंगणात ढोल पुन्हा सुरू झाले, तेव्हा तिनं मान वर केली.

"आप्पा, आईच्या लॅपटॉपला काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "सगळी बटणं चालत होती. डावीकडचीसुद्धा."